बासी वडे आन हिरवं लुगडं

एका हिरव्या लुगड्यासाठी मी मूल गावचे तीन बाजार केले, हे आयकून कोनाले हासू येत असन त येवो. माह्या जिवाले काय घोर होता, ते मलेच ठाऊक.

माह्या दोन पोरी. मोठी चंदा पयल्याच बाळंतपनात गेली. तिचं सासर कुरखेड्याच्याबी पुढं, जंगलात. सुईन दुसऱ्या गावची, मधात नाला, आन नाल्याले पूर. आमच्यापर्यंत सांगावा आला तवा तिचा तिसरा दिवसबी होऊन गेला होता. धाकटी कुंता. तिची सोयरिकबी त्याच जंगलाच्या आंगाची आली आन आमी दिली. दुसरं काय करनार होतो? यंदा दिवाळीले तिले सातवा लागला होता, आन विहीनबाईनं बाजारात भेटलेल्या मानसाजवळ सांगून ठेवलं होतं, आमच्या घरी पयलं बाळंतपन सासरीच होते म्हनून.

माह्या त पायाखालची जमीनच सरकली. तवाच मी ठरवलं. दिवाळीले दोघं येतीन. जवायाले पोटभर खाऊ घालाचं, झकास आहेर कराचा, त्याले खूश कराचं, आन मंग कुंताच्या बापानं शब्द टाकाचा, का लेकीले बाळंतपनापर्यंत इथीच राहू द्या. बस, येवढंच पायजे होतं मले. मूलले डाक्तर हाय, सुईन आमच्या गल्लीतच राह्यते, आन मी हाय.

तो शब्द मले टाकता आला असता त मी एका दमात टाकला असता. पन आमच्यात सासू जवायासंग बोलत नाई. पदर नाकापर्यंत ओढाचा आन दाराच्या आड उभं राहाचं. बोलाचं ते सासऱ्यानं. आन आमचे हे! लटारूभाऊ म्हनते सारं गाव त्याईले. तळ्यात जाळं फेकाले पयला नंबर, पन चार मानसात उभं केलं का तोंडात पानी धरल्यावानी गप. आठ दिवस शिकवलं मी त्याईले. "म्हना, जवाईबापू, कुंताले इथीच राहू द्या." ते म्हनत, "जवाईबापू..." आन मंग खोकत. बकरीपुढं मात्र सारं बरोबर म्हनत. आता बकरीले का जवाई कराचं होतं मले?

लुगड्याची गोष्ट आयका. पयल्या बाजाराले हे एकटे निघाले. अंगनाच्या बाहेर पडले, आन मले आठवलं. मी ओरडली, "अजी, काठ लाल पायजे!" झालं! मानूस जसा गेला तसा वापस आला, खाटेवर टेकला, पानी मांगतलं. म्हने, "मागून हाक मारली तुनं. आता बसल्याबिगर कसा जाऊ?" मागून हाक आली का काम नासते, हे मले का ठाऊक नाई? पन जिभेले हाड नाई न माह्या. हे बसले, पानी पेले, तवर मोटर निघून गेली. पाई पाई मूलले पोचेतोवर दिवाळीचा बाजार अर्धा उठला होता. हिरवं एकबी राह्यलं नोतं. संध्याकाळी काळं लुगडं घेऊन आले. काळं! भरल्या पोटाच्या पोरीले काळं! मी डोकं धरून खालीच बसली.

दुसऱ्या बाजाराले मी सोता गेली. दुकानदार म्हने, दिवाळीत माल वापस होत नाई. मी त्याच्या पायरीवरच ठान मांडलं. गिऱ्हाईक चढे, मी काळं लुगडं पसरून दाखवे, "पाय वं बाई, सातव्या महिन्याच्या पोरीसाठी हे देते हा." दुपारपर्यंत कटाळला बिचारा. म्हने, ठेव इथी, नवा माल आला का बदलून देतो. तिसऱ्या बाजाराले नवा माल आला. हिरवंगार होतं, काठ लाल होता, पन मी हातानं मोजलं त एक वार कमी. सातव्या महिन्याच्या पोटाले आठ वार कुठी पुरन? पुन्हा भांडन. आमच्या यायले इचारावं त हे म्हनत, "हेबी चांगलं हाय, तेबी चांगलं हाय." शेवटी पुरं नऊ वार भेटलं, पन पिवळ्या काठाचं. लाल काठ नशिबात नोताच. जवायासाठी धोतर घेतलं, आन दोनी कापडं पेटीत घालून कडी लावली. कारन आमच्याकडं आहेर पावना निघतावेळीच देतेत. टिळा लागला, कापड खांद्यावर पडलं, का तो निरोप. मंग पावन्यानं त्या घरचं पानीबी पेवाचं नाई, सरळ गाडी जुपाची.

भाऊबीजेच्या दिवशी येतो असा निरोप होता. त्या दिवशी तळ्यावर मासोळी धराची आमची पाळी. यायनं हाताएवढी मरळ आनली. मी पहाटपासून चुलीपुढं. उडदाचे वडे, सुवाऱ्या-पुऱ्या, लाखोळीचं वरन, कोहळ्याची भाजी, गुळाची खीर. तेलाचा डबा उलटा केला, गहू होता नोता तेवढा दळला. दुपार झाली. कोनी आलं नाई. दिवस कलला. मी दहादा तळ्याच्या पाळीवर, बांधावर जाऊन आली. कुरखेड्याकडची वाट रिकामी ठन.

मासोळी त ठेवता येत नाई, ते गल्लीत वाटून टाकली. शेजारच्या सुगंधाबाईनं दोन तुकडे जास्तच नेले. बाकी सारं झाकून ठेवलं. रातभर डोळ्याले डोळा लागला नाई. चंदाच्या येळेलेबी अशीच वाट पायली होती मी.

दुसऱ्या दिवशी म्हनलं, आता का येतेत! पन अन्न फेकाचं कसं? वडे दगड झाले होते, ते ताकाच्या कढीत सोडले. कालचा भात चुरून तांदळाच्या पिठात मळला, भाकरी थापल्या. वरन गारठून घट्ट झालं होतं, त्याले लसनाची फोडनी देऊन पातळ केलं. सुवाऱ्या कुस्करून गूळ घातला. खीर नासली होती, ते गाईले गेली. कालचं सारं असं आंग बदलून चुलीवर बसलं होतं, आन मी फाटक्या लुगड्यात, केसाले तेल नाई, हाताले पीठ. तितक्यात बैलाच्या घुंगराचा आवाज आला.

"माय!" कुंताचाच आवाज.

अवंमाय! माह्या हातातला पळा खाली पडला. मनसाराम जवाई गाडीवरून उतरला, धुळीनं भरलेला. यायले म्हने, "मामाजी, वैनगंगेले पानी जास्त होतं. गाडी उतरे ना. एक दिवस काठावरच काढला." कालपासून दोघांच्याबी पोटात मुरमुऱ्याबिगर काई नोतं. कुंताचे पाय सुजले होते, डोळे खोल गेले होते. चंदाचेबी तसेच गेले होते. मी तिले जवळ घेतलं आन घरात नेऊन बसवलं.

आता ताजं का करनार? तेल नाई, गव्हाचं पीठ नाई. तळ्यावर आज दुसऱ्याची पाळी. जवाई दोन दिवसाचा उपाशी, हातपाय धुवून पाटावर बसलाबी. सुगंधाबाई वाढाले धावून आली, आन मी दाराच्या आड पदर ओढून उभी राह्यली. पयल्या दिवाळीच्या जवायाले बासी जेवन! लाजेनं माहे कान तापले.

जवायानं एक भाकर खाल्ली. कढी पेली. मंग वडा तोंडात घातला, आन थांबला. चावला. पुन्हा चावला. यायले इचारलं, "मामाजी, वडे कालचे हायेत का?"

हे खोकले.

माहा जीव तिथीच गेला. आता हा खूश होत नाई, आता हा पोरीले ठेवत नाई. काई तरी कराले पायजे. मी दाराआडून यायले खुनावलं आन दबक्या आवाजात म्हनलं, "कापडं काढा! कापडं!" मले वाटलं, धोतर-लुगडं नजरेले पडलं, तीन बाजाराची मेहनत दिसली, का तो वडे इसरन. नुसतं दाखवा, असं म्हनाचं होतं मले. पन 'दाखवा' म्हनलं नाई मी. 'काढा' म्हनलं. आन तशीच चुलीकडं वळली, गुळाचा चहा ठेवाले.

आमच्या यायले मी सांगावं आन यायनं करावं, येवढंच जमते. पेटी उघडली. सुगंधाबाईच्या हातून कुंकवाचं ताट घेतलं. जवायानं हात धुतला न धुतला, त्याच्या कपाळाले टिळा लावला, धोतर खांद्यावर टाकलं, नारळ हातात दिला, लुगडं बाजूले ठेवलं. मी चहा घेऊन दारात आली तवा सारं होऊन गेलं होतं.

मनसाराम उभा झाला होता. तोंड उतरलेलं.

"मामाजी, मी त आजच आलो. मले वाटलं चार दिवस राहीन. आई म्हने, सासऱ्यानं सोता तोंडानं म्हनलं त ठेवून ये पोरीले. आन तुमी त टिळाच लावला."

हे माह्याकडं पाहून राह्यले. मी यायच्याकडं. "तिनंच म्हनलं," हे हळूच बोलले, "कापडं काढा."

नुसतं म्हनाचं होतं हो! आहेर नोको होता, मरळ नोको होती, काईच नोको होतं. एक शब्द म्हनाचा होता. बकरीपुढं येत होता तो.

मंग माह्यानं राहवलं नाई. जलमात नाई केलं ते केलं. दाराबाहेर आली आन म्हनलं, "जवाईबापू, थांबा. चुकलं आमचं. पोरीले राहू द्या."

सुगंधाबाईनं तोंडावर हात ठेवला. जवायानं झटकन पाठ फिरवली, मान खाली घातली. सासूकडं कसं पाहीन तो? बेइमान नोता पोरगा. यायलेच म्हने, "मामाजी, आत्याबाईले सांगा, माह्या मनात काई नाई. पन टिळा लागल्यावर मी एकटा घरी गेलो त आई काय म्हनन? लेक ठेवून घेतली आन पोराले बासी खाऊ घालून हाकललं, असंच म्हनन न? मंग कुंतालेच जलमभर आयकावं लागन."

खोटं नोतं ते. ज्या तोंडानं मी दुकानदाराले दुपारभर नाचवलं, ते तोंड बंद पडलं.

"ओटी भर वं गुणाबाई," सुगंधाबाई म्हने. "जवायाले टिळा लागला. भरल्या पोटाच्या पोरीले रिकाम्या ओटीनं धाडतेस का?"

ते मलेच करावं लागलं. कुंता पाटावर बसली. अंगावर हिरवं लुगडं पांघरलं. पिवळा काठ तिले शोभून दिसत होता, हे तवाच दिसलं मले. मी पाच ओंजळी तांदूळ घातले. चौथ्या ओंजळीचे अर्धे तांदूळ खाली सांडले. कुंतानंच ते वेचून आपल्या पदरात घेतले.

"माय," ती कानाशी म्हने, "कढी राह्यली का वं? मी त जेवलीच नाई. सारे पुरुषमानसं झाल्यावर बसनार होती. आता इथी खाता येत नाई, पन बांधून दे. लय दिवसाचं मन होतं तुह्या कढीवर. बासी वड्यावरच होतं."

मी घरात पळाली. कढी गडव्यात ओतली, वडे हातानं उचलून घातले, वरून पळसाचं पान बांधाले दोरी शोधत बसली. दोरी भेटे ना. माह्या अंगावरच्या लुगड्याचा काठ फाडला आन बांधला. बाहेर आली त गाडी नाई. मनसारामले उजेड असेतोवर नदी गाठाची होती.

मी गडवा धरून पळत पाळीपर्यंत गेली. हेबी मागून आले. गाडी पाळीच्या दुसऱ्या टोकाले, हाक मारली त आयकू जाईन इतकीच दूर. कुंता मागं तोंड करून बसली होती, पन पदर डोळ्यावर होता.

यायनं छाती भरून दम घेतला. तोंड उघडलं. "कुं..."

मी त्याईच्या तोंडावर हात ठेवला. सातव्या महिन्याच्या पोरीले, निघाल्या गाडीले, मागून कोन हाक मारन? त्याईचे दात माह्या तळहाताले लागले.

गाडी पाळीवरून उतरली आन पळसात शिरली. गडव्यातली कढी अजून गरम होती.