चौकीच्या दारातला लबाड बाक

अहो, थांबा थांबा! असे एकटे टेकू नका. आधी दुसरं कुणी येऊ द्या. मग तुम्ही त्या टोकाला आणि ते या टोकाला, असे दोघं बरोबर बसा. एकटे बसलात तर थेट जमिनीवर जाल आणि नाव माझं बदनाम होईल. तसं ते आधीच झालंय म्हणा. मी या पोलीस चौकीच्या दारातला बाक बोलतोय, आणि सगळं गाव मला 'लबाड' म्हणतं.

माझा जन्मच चुकीतून झाला. नगरपालिकेने बागेसाठी बाक करायला दिले होते. सुतारमिस्त्री हाताचे पक्के, पण त्यांच्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. अक्षरशः लगीनघाई! त्या गडबडीत लांब बाकाची फळी त्यांनी आखूड बाकाच्या पायांवर ठोकली. पाय मधोमध गोळा झाले आणि फळीची दोन्ही टोकं हातभर अधांतरी राहिली.

तपासायला नगरपालिकेचे बडे बाबू आले. बाकी सगळ्या बाकांवर बसून झाल्यावर ते ऐटीत माझ्या टोकाला टेकले मात्र, माझं दुसरं टोक वर आणि बडे बाबू खाली! मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. माझे भाईबंद बागेत गेले, झाडांखाली बसले. मी मात्र नापास झालो आणि गोदामात गेलो. तिथे फुटके दिवे, वाकलेल्या पाट्या आणि एक चाक गेलेली कचरागाडी एवढाच काय तो माझा गोतावळा. अंगावर धुळीचे थर चढले. माणसाचं वजन कसं असतं, तेही मी विसरून गेलो.

मग नगरपालिकेच्या इमारतीतली एक खोली पोलिसांना मिळाली. मुख्य ठाणं पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून ही छोटी चौकी. खोली मिळाली, पण सामान कोण देणार? पोलीस म्हणाले नगरपालिका देईल, नगरपालिका म्हणाली पोलीस आणतील. शेवटी हवालदारबाई पदर खोचावा तशा बाह्या वर करून स्वतःच गोदामात शिरल्या.

"बाई, तो मोडका आहे," बडे बाबू दारातूनच म्हणाले.

हवालदारबाईंनी माझं एक टोक दाबून पाहिलं. मी नेहमीसारखा उधळलो. त्या खळखळून हसल्या. "मोडका नाही हो, लबाड आहे. लबाडांना सांभाळण्याचाच तर पगार घेते मी."

असा मी कामाला लागलो.

पहिली जोडी मला अजून आठवते. कोपऱ्यावरचे शिंपीदादा आणि समोरच्या बंगलीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मोठ्या बाई. भांडण कचऱ्याच्या डब्याचं. गल्लीत डबा हवा म्हणून दोघांनीच नगरपालिकेचे उंबरे झिजवले होते. डबा आला तेव्हा कळलं, की तो दोघांनाही हवा होता, फक्त दुसऱ्याच्या दारात. शिंपीदादांनी तो ढकलत बाईंच्या फाटकाशी नेला. बाईंनी तो परत दुकानासमोर आणला. असं आठवडाभर चाललं. डबा बिचारा गल्लीभर फिरला, आणि कचरा मात्र होता तिथेच राहिला.

"आधी माझं लिहून घ्या!" शिंपीदादा ओरडले.

"वा रे वा, आधी आले मी!" मोठ्या बाई.

"घेते की लिहून. पेन शोधते, तोवर बसा," हवालदारबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. पेन त्यांच्या अंबाड्यातच खोचलेलं होतं. मला दिसत होतं, पण मला कोण विचारतो?

दोघं बसले. दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून. वजन बरोबर झालं आणि मी गुमान उभा राहिलो. मग शिंपीदादांचा पारा पुन्हा चढला. "जातो मी मुख्य ठाण्यावर!" म्हणून ते ताडकन उठले. पुढे काय झालं ते सांगायला नको. मोठ्या बाई चष्म्यासकट खाली घसरल्या. शिंपीदादांनी धावत येऊन त्यांना धरलं म्हणून थोडक्यात निभावलं.

"अहो, सांगून उठावं माणसानं!" बाई धापा टाकत म्हणाल्या.

"सांगणार कसं? आपण बोलत कुठे होतो?"

मग बाईंच्या ओठांचा कोपरा हलला आणि शिंपीदादा मान खाली घालून हसायला लागले. पुन्हा बसले, या वेळी जपून. शिंपीदादा वजनदार, म्हणून तेच थोडे आत सरकले. बसल्यावर बोलणं आलंच. बोलता बोलता निघालं, की खरा राग वासाचा होता, आणि वास येत होता कारण डब्याला झाकणच नव्हतं. दोघं मिळून शेजारीच नगरपालिकेच्या कचेरीत झाकण मागायला गेले. जाताना शिंपीदादा म्हणाले, "बाई, उठू का?" बाई म्हणाल्या, "एक, दोन, तीन म्हणा."

हवालदारबाई दारात उभ्या राहून सगळं पाहत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी मला दुरुस्त करू दिलं नाही. मिस्त्री दर वर्षी येऊन हात जोडायचे. "बाई, येता-जाता ही चूक डोळ्यांत खुपते. दोन पाय लावून देतो, फुकट." बाई म्हणायच्या, "राहू द्या हो मिस्त्री, चाललंय."

आणि चाललंच होतं! गच्चीतून पाणी सांडणारे आणि ज्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते सांडतं ते, रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याचे मालक आणि त्यांचे जागरण झालेले शेजारी, दारात आडवी स्कूटर लावणारे आणि तिला अडखळून पडणारे, सगळे माझ्यावर बसून गेले. माणसं येतात तरातरा आणि बसतात अगदी कडेला, जणू आत्ता उठायचंच आहे. बोटांनी माझ्यावर ताल धरतात. एकाने तर रागाच्या भरात नखाने माझा रंग खरवडला. पण उठायचं म्हटलं की शेजारच्याला सांगावं लागतं, आणि एकदा का 'उठतो हं' म्हटलं, की तोंडावरचं कुलूप निघतं. सगळीच भांडणं मिटली असं नाही. काही जोड्या 'उठतो' म्हणून उठल्या आणि दोन दिशांना गेल्या, त्या गेल्याच.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. एकदा एक नवरा-बायको आले. बायकोच्या दंडावर वळ होते. नवरा म्हणाला, "किरकोळ आहे हो बाई, बसून मिटवतो." तो माझ्याकडे वळला, पण हवालदारबाईंनी हात आडवा घातला. "तुम्ही उभेच राहा." बायकोला त्यांनी आत नेलं, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि दार लावलं. त्या दिवशी पेन शोधावं लागलं नाही. नोंद झाली, मुख्य ठाण्यावर फोन गेला आणि गाडी आली. ते काम माझं नव्हतंच, आणि बाईंना ते नेमकं ठाऊक होतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घात झाला. मुख्य ठाण्यात नवे साहेब आले. त्यांनी सगळ्या चौक्यांचा हिशोब मागवला. आमच्या चौकीत वर्षभरातल्या नोंदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. साहेबांनी ठरवलं, जिथे भांडणंच नाहीत तिथे चौकी कशाला? खोली नगरपालिकेला परत द्यायची आणि हवालदारबाईंनी मुख्य ठाण्यात टेबलावर बसायचं.

त्या दिवशी बाईंनी मला दोनदा पुसलं. मला भीती वाटली, खरंच सांगतो. मला पुन्हा ते गोदाम दिसायला लागलं. आणि बाईंचं काय? माणसांत वावरणारी बाई ती, फायलींत कशी रमणार?

खोलीचा ताबा ठरवायला साहेब आले. त्यांच्याबरोबर नगराध्यक्षा आल्या आणि विरोधी गटाचे अण्णाही आले. आता गंमत अशी, की ही दोघं सख्खे व्याही-विहीण. अण्णांची लेक नगराध्यक्षांच्या घरात दिलेली. निवडणुकीत एकमेकांसमोर उभे राहिले आणि तेव्हापासून बोलणं बंद. सभेत अण्णा बडे बाबूंना म्हणायचे, "त्यांना सांगा, आमचा विरोध आहे." विहीणबाई म्हणायच्या, "त्यांना सांगा, ऐकू आलं." अण्णांना लेकीला भेटायचं असलं, की विहीणबाई कचेरीत असतील ती वेळ साधून ते जायचे.

"इथे जन्म-मृत्यूचे दाखले देऊ," नगराध्यक्षा साहेबांना म्हणाल्या.

"त्यांना सांगा, इथे वाचनालय होणार," अण्णा भिंतीला म्हणाले.

"दाखल्यांसाठी लोक उन्हात उभे राहतात, ते दिसत नाही वाटतं!"

"आणि पोरांना वाचायला जागा नाही, ते?"

आवाज चढत गेले. साहेब कधी इकडे बघत, कधी तिकडे. हवालदारबाई शांतपणे म्हणाल्या, "ताबापत्र लिहायचं ना? पेन शोधते, तोवर बसा."

सवयीने दोघं बसले. दोन टोकांना. मी श्वास रोखला.

"मला नाही बसायचं इथे!" अण्णा गरजले आणि उठायला लागले. अर्धे उठले आणि थबकले. गावातलेच ते, माझी खोड त्यांना माहीत होती. त्यांनी तिरक्या नजरेने विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंनी दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं होतं. अण्णा हळूच परत बसले.

"विहीणबाई," अण्णांनी घसा खाकरला, "उठतो."

"थांबा. पर्स घेते." मग जरा वेळाने त्या म्हणाल्या, "नातीला ताप होता. कळलं का?"

"कळलं. येऊन गेलो मी. तुम्ही नव्हता."

"ठाऊक आहे. मी नसतानाच येता. आता मी असताना या, अण्णा. पोरगी विचारते, आजोबा आजीला घाबरतात का म्हणून."

अण्णांनी डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं. "घाबरतोच," ते म्हणाले. दोघं हसले आणि एकदम उठले.

साहेब चक्रावले. "हे काय चाललंय? काय आहे या बाकात?" असं म्हणत ते तोऱ्यात माझ्या टोकाला बसले. आता मी तरी काय करणार? साहेब जमिनीवर, टोपी दारापर्यंत घरंगळत! विहीणबाईंनी तोंडावर पदर धरला, अण्णा भिंतीकडे वळले.

हवालदारबाईंनी टोपी उचलून झटकली. चेहऱ्यावरची रेषही हलू न देता त्या म्हणाल्या, "साहेब, याला दोघं लागतात." आणि माझ्या दुसऱ्या टोकाशी येऊन उभ्या राहिल्या.

साहेब क्षणभर खालीच बसून राहिले. मग उठले आणि बाईंबरोबर, जपून, पुन्हा बसले. फळीवरून हात फिरवला. घासून गुळगुळीत झालेली ती दोन टोकं त्यांना आता दिसली असावीत.

"इतकी माणसं बसतात इथे?" ते म्हणाले. "मग नोंदी कुठे गेल्या?"

"घरी गेल्या, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब पुढे काही बोलायच्या आतच नगराध्यक्षा म्हणाल्या, "खोली आम्हाला नको." अण्णा म्हणाले, "माझं अनुमोदन." त्या नगरपालिकेत एकमताने ठरलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट. साहेब हसले. "बरं, राहू द्या चौकी," ते म्हणाले. मग कंबर चोळत, "पण हा बाक तेवढा दुरुस्त करून घ्या."

साहेबांचा शब्द आणि नगरपालिकेचा ठराव, दोन्ही एकदम! म्हातारे झालेले मिस्त्री करवत आणि दोन नवे पाय घेऊन हजर झाले. इतक्या वर्षांनी चूक पुसायला मिळणार म्हणून ते आनंदात होते. बाईंनी त्यांना एका टोकाला बसवलं, दुसऱ्या टोकाला स्वतः बसल्या आणि झालेलं सगळं सांगितलं, दंडावर वळ घेऊन आलेल्या त्या बायकोचंही. मिस्त्रींनी करवत खाली ठेवली.

"बाई, उठू का?" शेवटी ते म्हणाले.

त्यांनी माझे ढिले खिळे आवळले, मला नवा रंग दिला आणि झाली दुरुस्ती. ते दोन पाय घरी नेले, त्यांना आणखी दोन जोडले आणि एक स्टूल करून आणलं. भक्कम, चार ठिकाणी टेकलेलं, कितीही हलवा, हलणार नाही. "हे आत ठेवा," ते म्हणाले, "एकटीनेच बसायची वेळ येते कुणावर, तिच्यासाठी."

ते स्टूल आता आतल्या खोलीत आहे आणि मी दारात. माझा रंग पुन्हा उडायला लागलाय, पण माझं उत्तम चाललंय. रविवारी अण्णा आणि विहीणबाई नातीला घेऊन येतात. दोघं दोन टोकांना आणि नात मधोमध. माझ्यावरची सगळ्यात पक्की जागा तीच आहे.

ते बघा, कुणीतरी येतंय तुमच्याचकडे. चेहऱ्यावरून भांडूनच आलेलं दिसतंय. बसा आता दोघं. जड असेल त्याने जरा आत सरका. आणि एवढंच करा माझ्यासाठी, उठताना सांगून उठा.