ताटात नको, हातात दे

मी एक जुनं पितळी कुलूप आहे, आणि खरं सांगायचं तर माझा कोणावरच विश्वास नाही. मित्रांनो, रागावू नका. चटकन विश्वास ठेवणारं कुलूप तुम्ही कधी बघितलंय का? तुम्ही माझी गोष्ट एवढ्या आवडीनं का वाचताय, हा प्रश्नसुद्धा माझ्या मनात येऊन गेला.

माझा जन्म नेमका कुठे झाला ते आठवत नाही. भट्टीची धग आणि मला घासणारे खरखरीत हात तेवढे आठवतात. पुढे पौडच्या बाजारात एका फडक्यावर मला मांडलं होतं. तिथून कोंडिबांच्या वडिलांनी घासाघीस करून मला उचललं आणि उरवड्याच्या घरी आतल्या खोलीतल्या लोखंडी पेटीला लावलं. तेव्हापासून मी तिथेच लटकतोय.

माझी किल्ली आधी कोंडिबांच्या आईच्या कमरेला असायची. त्यांच्या पश्चात ती कोंडिबांच्या बायकोकडे, म्हणजे लीलाबाईंकडे आली. पेटी उघडण्याआधी लीलाबाई दाराकडे बघतात, मग खिडकीकडे बघतात आणि मगच किल्ली काढतात. म्हणून त्या मला फार आवडतात. पूर्वी त्या दर दसऱ्याला मला चिंचेनं घासून लख्ख करायच्या, पोटात खोबरेल तेल सोडायच्या आणि आल्यागेल्याला म्हणायच्या, "ह्ये हाय म्हणून मला झोप लागती." असं कौतुक कोणाला आवडणार नाही?

पेटीत काय आहे ते मी एरवी सांगितलं नसतं, पण त्याशिवाय गोष्ट कळायची नाही. एक म्हणजे कोंडिबांच्या आईच्या सोन्याच्या पाटल्या. दुसरं, खोल्यांच्या भाड्याचे साठवलेले पैसे. आमच्या गावात कारखाने आले तेव्हा कोंडिबांनी घरामागे कामगारांसाठी खोल्या बांधल्या. खालचं शेत एका गोदामवाल्याला विकून टाकलं.

त्या शेताच्या वेळी कोंडिबांच्या धाकट्या बहीण चंद्राबाई पौडला येऊन हक्कसोडीवर सही करून गेल्या. वडिलांच्या जमिनीत त्यांचाही वाटा होता, तो त्यांनी भावासाठी सोडला. आमच्याकडे पुष्कळ बहिणी असंच करतात आणि साडीचोळी घेऊन आपल्या घरी जातात. पण तेव्हापासून लीलाबाईंना चैन पडेना. फुकट कोणी सही करतं का? मलाही तेच वाटायचं. चंद्राबाई माहेरी आल्या की लीलाबाई पेटीला पाठ टेकून बसायच्या, ते जेवायला हाक येईपर्यंत. पाटल्या चंद्राबाईंच्या आईच्या होत्या ना! त्यांनी त्याबद्दल कधी एका शब्दानंही विचारलं नाही, आणि आम्हां दोघांना त्याचाच जास्त संशय यायचा.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळीच्या तोंडावर, चंद्राबाईंचा मुलगा अमोल आला. तो हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो आणि भाड्याच्या खोलीत राहतो. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलून झाल्यावर तो मुद्द्यावर आला.

"मामा, पिरंगुटला दोन खोल्यांचं घर बघितलंय. बँकेचं कर्ज झालंय, पण आपल्या पदरचे भरायचेत त्यात कमी पडतंय. दिवाळी झाल्याझाल्या भरलं न्हाई तर बिल्डर घर दुसऱ्याला देणार. तुमी उसने द्या. मी महिन्याच्या महिन्याला फेडतो."

कोंडिबा सुपारी कातरत राहिले. अमोलची नजर खोलीभर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"मामी, किती जुनं हाय हे कुलूप?"

ऐकलंत? याला माझं वय कशाला हवं होतं? कुलूप किती जुनं ते कळलं की ते किती दणके सोसेल तेही कळतं. मी कडी घट्ट धरून बसलो.

तो गेल्यावर लीलाबाई म्हणाल्या, "उसने म्हणं! सही केली त्याची वसुली हाय ही. एकदा नेले की हिस्सा म्हणून ठेवून घेतील."

"बहिणीच्या पोराला न्हाई कसं म्हणू?" कोंडिबा म्हणाले. मग अडकित्ता खाली ठेवून त्यांनी आवाज बारीक केला. "असं करतो. भाऊबीजंला सगळे ताटातच घालतो. ओवाळणी म्हणून. म्हंजी देणं-घेणं मिटलं. पुन्हा वाट्याचं नाव कुणी काढायचं न्हाई."

लीलाबाईंनी थोडा विचार केला आणि कमरेची किल्ली काढून दिली. मलाही बेत पसंत पडला.

भाऊबीजेला याच खोलीत पाट मांडला. चंद्राबाईंनी भावाला ओवाळलं. कोंडिबांनी फडक्यात बांधलेले पैसे ताटात ठेवले, तसं निरांजन हललं. अमोलचा चेहरा उजळला. चंद्राबाई मात्र ताट तसंच धरून उभ्या राहिल्या.

"दादा, ह्ये काय?"

"ओवाळणी."

"एवढी? ओवाळणी कुणी परत करत न्हाई. मी ह्ये घेतलं की मी माझा वाटा घेऊन गेले, असंच तुमी धरणार. व्हय ना?"

कोंडिबांनी लीलाबाईंकडे बघितलं.

"आई, घे ना," अमोल हळूच म्हणाला. "घर जाईल आपलं."

"तू गप ऱ्हा." चंद्राबाई भावाकडे वळल्या. "दादा, मी सही केली ती तुझ्या मायेपोटी केली. तिची किंमत लावू नगंस. ताटात नारळ घाल, आन् ह्ये मला हातात दे, उसनं म्हणून. तसं जमत न्हाई तर ठेव परत पेटीत. पोराचं घर गेलं तर गेलं. मला हितं यायला तोंड राहू दे."

कोंडिबांनी मान खाली घातली. ताटातलं फडकं उचललं, तिथं नारळ ठेवला आणि फडकं बहिणीच्या हातात दिलं.

"हातात दिलंय, म्हंजी फेडायचं हाय, वन्सं," लीलाबाई म्हणाल्या.

"त्याचसाठी तर हातात मागितलं, वैनी."

बोलायला काय जातं, असं मी मनात म्हटलं. आणि पुढं काय झालं ऐका. महिने गेले, वर्षं गेली, पेटीत एक रुपया परत आला नाही. माझा अंदाज खरा ठरला म्हणून मला बरंही वाटलं आणि वाईटही. भाडेकरूंचे पैसेही येईनासे झाले. किल्ली क्वचित फिरायची. दसरे माझ्यावाचून गेले, अंगावर हिरवट पुटं चढली. घरात कोणालाच माझी आठवण नव्हती.

मग या दिवाळीत कोंडिबा मोबाइल पुढं धरून बायकोला म्हणाले, "अमोलचा शेवटचा हप्ता आला बघ. एक महिना चुकला न्हाई गड्याचा."

म्हणजे पैसे मोबाइलवर येत होते! एवढे पैसे त्या चपट्या डबीत मावतात हे मला अजून पटलेलं नाही. पण लीलाबाई कितीतरी वेळ त्या मोबाइलकडे बघत बसल्या होत्या.

भाऊबीजेला चंद्राबाई आल्या. लीलाबाई सगळ्यांसमोर पेटीपाशी आल्या. त्यांनी दाराकडे बघितलं नाही, खिडकीकडेही नाही. मी गंजलेला, आणि मनातून तयारही नव्हतो, त्यामुळे किल्ली अडली. शेवटी त्यांनी खोबरेल आणून माझ्या पोटात सोडलं. किती दिवसांनी! मी उघडलो. लीलाबाईंनी पाटल्या काढल्या आणि नवऱ्याच्या हातात दिल्या.

"ताटात घाला."

चंद्राबाईंचे डोळे भरून आले. "आईच्या... वैनी, ह्ये उसनं का?"

"ओवाळणी. परत आणल्यात तर दारात उभं करणार न्हाई."

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं एखादं जुनं कुलूप असेल. त्याला अधूनमधून तेल घाला, फेकून देऊ नका. संशय घ्यायचं काम त्याच्यावर सोपवा, ते न थकता करील. आपल्या माणसांच्या बाबतीत ते काम तुम्ही अंगावर घेऊ नका.

त्या दिवशी लीलाबाई मला लावायला विसरल्या. मी अजून उघडाच लटकतोय. पण त्या खरंच विसरल्या नाहीत, त्यांनी मुद्दाम तसंच ठेवलं, असा मला दाट संशय आहे.