मोटरहोममधला गणपती

डॉ. पद्माकर रिटायर झाले आणि इंग्लंडमधलं वॉटफर्डचं घर विकायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते शिरलंच. घर विकायचं, मोटरहोम घ्यायचं आणि उरलेलं आयुष्य भटकत काढायचं! सोमवारी दुपारी एस्टेट एजंट घर बघायला येणार होता. त्यांच्या पत्नीचा, सुलक्षणाबाईंचा, जीव त्या घरात अडकलेला. पण कुतूहलापुढे त्यांचंही काही चालत नसे. वीकेंडपुरतं भाड्याने आणलेल्या मोटरहोममध्ये शिरल्याबरोबर त्यांनी सगळे खण उघडून पाहिले, पलंग उलगडला, पुन्हा मिटला आणि संडासातलं शेवटी जातं कुठे, हेही विचारून घेतलं.

"ते काम तुमचं हं," टाकी आपणच रिकामी करायची असते, हे उत्तर ऐकून त्या म्हणाल्या.

२००७ सालची गणेशचतुर्थी नेमकी त्याच शनिवारी आली. "यंदा बाप्पा मोटरहोममध्येच बसवू," पद्माकर म्हणाले. "बाप्पा बसला की झालं घर. मग तरी कन्व्हिन्स होशील ना?"

तर वेल्समधल्या समुद्राकाठच्या कॅम्पसाइटवर, गॅसच्या शेगडीशेजारच्या टेबलावर दीड दिवसाचा गणपती बसला. एरवी देवासमोर उभंही न राहणाऱ्या पद्माकरांनी पोथी बघून खणखणीत आवाजात प्राणप्रतिष्ठा केली. आरती ऐकून शेजारच्या तंबूतून दोन गोरी डोकी बाहेर आली. त्यांनाही मोदक मिळाले.

नैवेद्य झाल्यावर पद्माकर हात पुसत थेट ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. "चल, दोनपर्यंत पुढच्या साइटवर पोचायचंय. बुकिंग केलंय मी."

"अहो, आणि गणपती?"

"त्याला बेल्ट लावू."

"काहीतरीच काय! विसर्जनापर्यंत मूर्ती जागची हलवायची नसते."

पद्माकरांचा चेहरा पडला. बुकिंग करताना हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पण हार मानतील तर ते डॉक्टर कसले? "अगं, मूर्ती कुठे हलतेय? ती टेबलावरच आहे. घर हलतंय!"

सुलक्षणाबाई विचारात पडल्या. खरंच असं असेल का? असेल, तर मग सोमवारी बोलायला त्यांच्यापाशी काही उरत नव्हतं. जिथे हे मोटरहोम, तिथेच घर.

"तुम्हाला मनापासून पटत असेल ना, तर करा स्टार्ट," त्या म्हणाल्या. "सोमवारी एजंटला मी स्वतः चहा करून देईन." आणि शेजारच्या सीटवर बसून त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता त्यांना. हा माणूस आता काय करतो, हे बघायचं होतं.

इंजिन सुरू झालं. मागे टेबल थरथरलं आणि मूर्तीवरचं जास्वंद खाली पडलं. पद्माकरांनी वळून पाहिलं. त्यांचा हात बराच वेळ गिअरवर नुसताच राहिला. मग त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"नाही जमत गं," ते म्हणाले. "आमचे बाबा गणपतीत चौरंगाला धक्कासुद्धा लागू द्यायचे नाहीत."

ते साइटच्या ऑफिसात जाऊन आणखी एका रात्रीची जागा मागून आले. आले ते पाय ओढत. "मिळाली. एजंटला येऊ नको म्हणून कळवतो. घर राहू दे. हे मोटरहोमचं वेडही राहू दे."

सुलक्षणाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. घर वाचलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. रस्ता टेकडीला वळसा घालून पलीकडे दिसेनासा झाला होता.

"घर राहू दे हो," त्या म्हणाल्या, "पण हे कशाला राहू दे? उद्या विसर्जन झालं की मला त्या वळणापलीकडे न्या. तिकडे काय आहे ते बघायचंय मला."