उघडेल त्यानं मिटायचा

हत्यारांच्या दुकानात मी तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानदारानं स्टूल पुढे सरकवलं.

"ताई, आज तरी बसा. तुम्ही उभ्या राहिलात की मलाच कुठंतरी जायचंय असं वाटायला लागतं."

मी बसले नाही. बसून खरेदी करणं मला जमत नाही. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आहे. असेल. त्या दिवशी तर हातालाही होती. काचेच्या काउंटरवर सात घडीचे चाकू मांडलेले होते, आणि उजवा हात कोटाच्या खिशात कोंबून मी एकेक चाकू नुसत्या डाव्या हातानं उघडून बघत होते.

चाकू बाबांसाठी हवा होता. सहा महिन्यांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. पाय बऱ्यापैकी परत आला. काठी घेऊन ते घरभर फिरतात. हात मात्र आला नाही. सोफे आणि खुर्च्या नव्यानं मढवायचा आमचा कारखाना घराच्या खालीच आहे, मध्ये फक्त बारा पायऱ्या. चाळीस वर्षं तिथं राबलेला माणूस या सहा महिन्यांत एकदाच खाली आला होता.

आला, जुनी खुर्ची उसवायला पुढ्यात घेतली, खिशातून आपला चाकू काढला. तो काही उघडेना. त्या चाकूच्या पात्यावर नखापुरती खाच आहे, तिथं धरून ओढायचं, म्हणजे दोन हात लागणारच. बाबा दातांनी उघडायला गेले. मला राहवलं नाही. "आणा इकडे, मी उघडून देते," असं म्हणून बसले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जीभ चावली.

कारण आमच्याकडे एक नियम आहे, आणि तो बाबांनीच घातलेला आहे. उघडा चाकू एका हातातून दुसऱ्या हातात द्यायचा नाही आणि कुठं ठेवायचाही नाही. ज्यानं उघडला त्यानंच मिटायचा, आणि मगच हात मोकळा करायचा. आमच्या कामात जिकडेतिकडे कापड, रेक्झिन नाहीतर फोम पसरलेला असतो, आणि त्याखाली उघडं पातं राहिलं की कुणाचा तरी हात त्यावर पडतोच. बाबांच्या भागीदाराची दोन बोटं तशीच कायमची वाकडी झाली. मी दहा वर्षांची असताना एकदा उघडा चाकू गादीवर टाकून पाणी प्यायला गेले, तर मला महिनाभर कारखान्याची पायरी उतरू दिली नव्हती.

तर त्या दिवशी बाबांनी चाकू ड्रॉवरमध्ये टाकला, बारा पायऱ्या चढले आणि खिडकीशी जाऊन बसले ते बसलेच. विचारलं की "ठीक आहे" म्हणतात. काय ठीक आहे, डोंबल? खालून हातोडीचा आवाज आला की त्यांचा डावा अंगठा खुर्चीच्या हातावर हलतो. मला ते बघवत नव्हतं. एका हातानं उघडणारा चाकू मिळाला तर बाबा खाली येतील, नाहीतर खिडकीतच संपतील, असं माझ्या मनानं घेतलं होतं.

"हा घ्या, फार खपतो," दुकानदारानं एक काळाकुट्ट चाकू पुढे केला.

"याला दाते आहेत. दाते कापड ओढतात."

"मग हा?"

"टोक किती बारीक! पहिलाच खिळा उचकटताना मोडेल."

"चाकूनं खिळे उचकटता? पक्कड नाही का?"

"पक्कड उठून आणावी लागते. चाकू खिशात असतो."

"हे मात्र खरं," असं म्हणत त्यानं तिसरा पुढे केला. तो इतका जड होता की आठवड्यात खिसा फाटला असता. चौथ्याचं पातं उघडल्यावर डुगडुगत होतं. पाचवा हातात घेतला आणि माझा हातच थांबला. लाकडी मूठ, तळहातात नीट बसणारी. पातं चार बोटं लांब, टोक जाडसर. पात्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना बारीक बोंड होतं. अंगठ्यानं ढकललं की खट् करून पातं उघडायचं आणि पक्कं बसायचं.

"दोन्ही हातांचा आहे," दुकानदार म्हणाला.

मी तो तीसेक वेळा तरी उघडला. खट्. खट्. खट्. शेवटी तोच म्हणाला, "ताई, घ्या आता, नाहीतर इथंच जुना व्हायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा खाली आले. आई पायऱ्यांवर उभी राहून पदराशी चाळा करत होती. बाबांनी मिटलेला चाकू डाव्या हातात घेतला, मुठीवरून बोट फिरवलं आणि अंगठा ढकलला. खट्. त्यांचा चेहरा वाकड्या बाजूसकट हसला. मला रडू येणार होतं, म्हणून मी विनाकारण फोम मोजायला लागले.

त्यांच्यापुढे मी एक जुनी बैठक ठेवली. ते सुतळ्या कापू लागले, हळूहळू पण एकसारख्या. आई निश्चिंत होऊन मावशीकडे गेली. मला दातांच्या डॉक्टरकडे सहा खुर्च्या पोचवायच्या होत्या. "तासाभरात येते," म्हणाले. तिथं गेले तर दवाखानाच उघडलेला नव्हता. सारखी घड्याळाकडे बघत, येरझाऱ्या घालत मी वाट पाहिली. परतायला तीन तास लागले.

बाबा तिथंच होते. बैठकीच्या सगळ्या सुतळ्या कापून झालेल्या. काठी जमिनीवर पडलेली, चहाच्या थर्मासला हात लागलेला नाही. डावा हात मांडीवर आणि हातात उघडा चाकू. पँटवर मांडीपाशी दोन बारीक चिरा होत्या.

"काय झालं? लागलं का?"

"नाही."

"मग असे का बसलात?"

"मिटत नाहीये."

क्षणभर मला काही कळेना. मग सगळं कळलं. पातं पक्कं धरणारी पत्र्याची पट्टी मुठीच्या आत असते. ती बाजूला सारली की पातं दुमडतं. ती सारायला उजव्या हाताचा अंगठा नेमका पोचतो. डाव्या हातात चाकू धरला की पट्टी पडते बोटांच्या बाजूला. मी दुकानात डाव्या हातानं उघडत होते खरी, पण मिटताना दर वेळी माझा उजवा हात खिशातून आपसूक बाहेर यायचा आणि काम उरकून परत खिशात जायचा. तीस वेळा. मला एकदाही दिसला नाही.

बाबांनी बोटानं पट्टी दाबून, पातं मांडीवर टेकवून बघितलं होतं. जमलं नाही, तेव्हा ते थांबले. चाकू ठेवला असता तर काठी उचलून वर गेले असते. चाळीस वर्षांत ठेवला नाही, तो आज कसा ठेवणार?

"द्या इकडे," मी हात पुढे केला.

त्यांनी चाकू मागे घेतला. "उघडला मी."

"अहो बाबा, पुरे आता! तीन तास झाले! तुमच्या त्या नियमाला काही—" माझा आवाज चढला. राग त्यांचा नव्हताच, माझा मलाच आला होता.

"मला मघापासून बाथरूमला जायचंय," ते जमिनीकडे बघत म्हणाले.

मी त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. मांडीवर निपचित पडलेला त्यांचा उजवा हात उचलला. सहा महिन्यांत तो किती मऊ झाला होता! त्याचा तळवा मी पात्याच्या पाठीवर ठेवला आणि त्यामागे माझा हात लावला.

"पट्टी दाबा."

त्यांनी डाव्या बोटानं पट्टी दाबली. मी त्यांच्याच हातानं पातं ढकललं. "बोट काढा आता." त्यांनी बोट काढलं आणि पातं मुठीत गेलं.

बाबा मिटलेल्या चाकूकडे बघत राहिले.

"मिटला कोणी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही."

त्यांनी मान डोलावली, चाकू शर्टाच्या खिशात टाकला आणि मोकळा झालेला हात काठीसाठी पुढे केला. मी काठी दिली. दोन पायऱ्या चढून ते थांबले. दवाखाना सोडला तर सहा महिन्यांत बाबा बाहेर रस्त्यावर उतरले नव्हते.

"उद्या बदलायला जाऊ," ते म्हणाले. "मी येतो. तू दोन्ही हात खिशात ठेवायचे."