नदीचं डावं टोक

ओलासुपोच्या नाटक कंपनीची नदी म्हणजे एक लांबलचक निळं कापड. दोन्ही टोकांना दोघी बसायच्या, कापड हलवायच्या, आणि मधे राजकन्या बुडायची. डावं टोक कायम ओलासुपोच्या बायकोकडे. एडे गावात तिला सगळे ईया लाबी म्हणायचे, म्हणजे लाबीची आई.

ओलासुपो गेला. मग लाबीने त्याच नाटकाचा सिनेमा काढायला घेतला. सुरुवातीलाच पडद्यावर बापाचं नाव यावं, एवढीच त्याची इच्छा. आई म्हणाली, "आधी बघते. त्यात तुझ्या बापाचं नाटक दिसलं तर लाव नाव. नाही दिसलं तर तुझंच लाव."

"आई, सिनेमा आहे. थोडं बदलणारच गं."

"बदल की. कुणी धरलंय तुला?"

हे 'बदल की' लाबीच्या डोक्यातून जाईना.

आधी तो खऱ्या नदीवर गेला. राजकन्या पाण्यात उतरली, तर पाणी गुडघ्याएवढं. कंपनीतला म्हातारा विनोदी नट सालामी काठावरून ओरडला, "पोरी, बुडायचं असेल तर आडवी हो!" खोल जागा शोधली, तिथेही शूटिंग केलं. पडद्यावर बघितलं तर एक पोरगी निवांत आंघोळ करतेय.

लाबीने गुपचूप पेटीतून ते निळं कापड काढलं.

"सिनेमात कापड?" सालामी म्हणाला. "लोक मारतील रे आपल्याला."

"मारू देत. तुम्ही टोक धरा."

सिनेमा तयार झाला. भर दुपारी गावच्या हॉलच्या खिडक्यांना चादरी लावून खेळ ठेवला. ईया लाबी ठेवणीतला डोक्याचा रुमाल बांधून, गरम अकारा भज्यांची पुडी घेऊन आली. लाबी शेजारी.

पडद्यावर राजा घोड्यावरून आला. खराखुरा घोडा.

"तुझा बाप स्टुलावर बसून घोडा करायचा," आई पुटपुटली. "याच्यापेक्षा जोरात पळायचा."

मग नदी आली. अख्खा पडदा निळा. वरून ऊन झिरपतंय, लाट फुगतेय, खाली येतेय, राजकन्येवर मिटतेय. हॉलमधून बायका किंचाळल्या, "मागे फिर! मागे फिर!" नाटकात ओरडायच्या तश्शाच.

आईच्या हातातलं भजं हातातच राहिलं.

खेळ संपला, चादरी निघाल्या. तिकडच्या रीतीप्रमाणे लाबी आईसमोर नमस्काराला जमिनीवर पालथा पडला.

"ऊठ, शर्ट मळेल." मग ती म्हणाली, "जन्मभर मी ती नदी हलवली. मला दिसायची ती नुसती कापडाची कड. लोक एवढे का ओरडतात, कधी कळलंच नाही. हे असं दिसायचं होय रे त्यांना?"

हो म्हणून मोकळं व्हावं, असं लाबीला वाटलं. जमलं नाही.

"त्यांना नाही, मला. नाटक चालू असताना तू मला कापडाखाली झोपवायचीस ना? तिथून असं दिसायचं."

आईने रुमालाच्या टोकाने नाक पुसलं.

"डावं टोक कुणी धरलं होतं?"

"सालामीबाबांनी."

"वाटलंच. ढिलं सोडलंय मेल्यानं. अशा लाटेत कोंबडीसुद्धा बुडणार नाही." तिने भजं तोंडात टाकलं. "बापाचं नाव लाव. आणि तेवढी नदी परत घे. उद्या ऊन असेल तर मी येते."