खांद्यामागचा कॅमेरा

लग्नाचा हंगाम म्हणजे लोकांचा आनंद आणि धाकटीच्या पायांचे हाल. चाळिशी उलटली तरी गिऱ्हाइकं तिला धाकटीच म्हणत, कारण स्टुडिओत थोरला भाऊ होता, आणि तो होता तोवर तिला मोठं व्हायची सोय नव्हती. ओळीने लग्नं लागली होती. संध्याकाळी बूट काढायलासुद्धा जोर लागायचा.

कामाची पद्धत ठरलेली. धाकटी पुढे, डिजिटल कॅमेरा घेऊन. दादा तिच्या उजव्या खांद्यामागे, फिल्मचा जुना कॅमेरा घेऊन. ती दहा फोटो काढायची तेव्हा तो एक. गिऱ्हाइकाला ढीगभर रंगीत फोटो मिळायचे आणि शिवाय मोजके कृष्णधवल, फिल्मवरचे. त्या मोजक्यांवर स्टुडिओचं नाव उभं होतं.

आणि दादाचा हात कापत होता.

इतका की फोटो हलायचे, हे फक्त धाकटीला ठाऊक होतं. वहिनी गेली त्या हंगामात दादाने फिल्म धुवायचं काम तिच्या गळ्यात घातलं. रसायनांनी खोकला येतो म्हणाला. तिने पहिला रोल धुऊन वाळत घातला आणि उजेडात पाहिला, तर सगळं हललेलं. नवरीला दोन नाकं आणि नवऱ्याला एकही नाही. सांगायला हवं होतं. पण वहिनीमागे दादाला सकाळी अंथरुणातून उठायला एवढं एकच कारण उरलं होतं, आणि तेही काढून घ्यायचं तिच्या जिवावर आलं. तिने त्याच क्षणांचे आपले फोटो शोधले, त्यांचा रंग काढला, वरून फिल्मवर दिसतात तसे बारीक दाणे पेरले आणि छापून दिले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

याचं बक्षीस असं मिळालं की दादा तेच फोटो पुढ्यात ठेवून तिला शिकवू लागला.

"हे बघ. याला फोटो म्हणतात. तुझं यंत्र नुसतं भसाभस ओढतं. थांबायचं कधी, ते त्याला कळत नाही."

"हो, दादा."

"नुसतं हो म्हणू नकोस, नीट बघ."

ती बघायची. आपल्याच फोटोवरून आपणच बोलणी खायची, असली तऱ्हा याच घरात. कधीकधी तिला इतका संताप यायचा की अल्बम उचलून भिरकावून द्यावा. पण मग तो पुन्हा बांधायलाही तीच बसली असती.

त्या दिवशी दुपारी एका नवरीचे वडील अल्बम न्यायला आले. आयुष्यभर नकाशे काढलेला माणूस, प्रत्येक पान काठाला धरून उलटत होता. कृष्णधवल फोटो त्यांनी दोनदा पाहिले.

"यांच्या निगेटिव्हही द्या," ते म्हणाले. "कागद पिवळा पडतो. निगेटिव्ह असली की नातवंडांना पुन्हा काढून घेता येतील."

दादाचा चेहरा उजळला. असं मागणारं बऱ्याच दिवसांत कोणी भेटलं नव्हतं. "बसा. आत्ता काढतो."

"दादा, मी उद्या पोचवते," धाकटी घाईने म्हणाली.

"उद्या कशाला? कपाटापर्यंत चालता येतं मला."

त्याने निगेटिव्हचं पाकीट काढलं, काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला आणि भिंग डोळ्याला लावलं. धाकटी उभीच राहिली. एकदाचं होऊन जाऊ दे, असं तिला वाटलं, आणि वाटल्याची लाजही वाटली.

दादाने एक पट्टी पाहिली, मग दुसरी. मग सगळ्या. दिवा मालवून तो अल्बमपाशी आला आणि त्यातला एक फोटो बराच वेळ पाहत राहिला.

"निगेटिव्ह नाहीत," तो नवरीच्या वडिलांना म्हणाला. "माझे फोटो हललेत. हे सगळे हिने काढलेत. डिजिटलवर."

नवरीच्या वडिलांनी दोघांकडे पाहिलं. "मग तसं सांगायचं होतं," ते म्हणाले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. अल्बम काखेत मारून ते गेले.

"कधीपासून?" दादाने विचारलं.

"वहिनी गेल्यापासून."

"आणि मी तुलाच शिकवत होतो."

"हो."

"बोलली का नाहीस?"

"दमले होते, दादा. तुला सांगायचं, मग तू जेवणार नाहीस, मग तुझी समजूत घालायची. त्यापेक्षा फोटो छापणं सोपं होतं." हे बोलून ती बसली. तिला रडू आलं होतं, पण रडायचेही कष्टच होते.

दादाने पट्ट्या पाकिटात भरल्या. मग विचारलं, "त्यातला तो एक, नवरी मावशीच्या खांद्यावर डोकं टेकते तो. ती हसायच्या ऐन आधी बटण दाबलंयस. कसं कळलं तुला?"

आजवर त्याने तिला कामातलं काही विचारलं नव्हतं. धाकटीला खोटं बोलायचाही कंटाळा आला होता.

"मला नाही कळत. माझ्या कानाशी तुझा श्वास चालू असतो. तो थांबला की मी दाबते."

दादा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. कापणारे हात त्याने मांडीवर ठेवले, लपवले नाहीत.

"शनिवारच्या लग्नाला कॅमेरा एकच घे, तुझा," तो म्हणाला. "मी येतो, मागे उभा राहायला."