कोर्टाने उतरवलेला हिंचका

मी एक जुना हिंचका आहे. पुण्याकडचे पाहुणे मला झोपाळा म्हणतात. पण मित्रांनो, मी बडोद्याचा, तेव्हा हिंचकाच. ज्या सागातून माझी फळी निघाली, त्याच्या शेंड्यावरून म्हणे द्वारका दिसायची. खोटं वाटत असेल, तर ते झाड शोधून वर चढून पाहा.

घरोघर नवे चॅनल येऊ लागले आणि गोत्रीत शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या, त्या दिवसांत निवृत्त शिक्षिका मंदाकिनीताईंनी मला तळमजल्यावरच्या आपल्या फ्लॅटच्या छताला टांगलं. त्यांचे गुडघे फार दुखत. माझ्यावर बसून हळूहळू झोके घेतले, की ठणका थांबे. डॉक्टरांहून माझंच कौतुक जास्त होई.

मग वरच्या मजल्यावर संपतराव आले. त्यांचा हिंचका म्हणजे पुष्पक विमान! तो छताला झुलू लागला, की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हिंदकळे आणि सगळ्यांच्या नळाला गढूळ पाणी येई. सांगून ऐकेनात, तेव्हा ताई कोर्टाची पायरी चढल्या. त्यांची भाची मोहना वकील होती. तिने वरच्या कोर्टाचा एक जुना निकाल काढला : छत सगळ्यांचं असतं, त्यावर भार पडतो, म्हणून त्याला हिंचका टांगू नये. आपल्याकडची रीतच अशी, की वरच्या कोर्टाने एकदा ठरवलं, की खालच्या कोर्टाने तसंच वागायचं. संपतरावांचं विमान उतरलं.

"निकाल म्हणजे निकाल!" ताई माझ्यावर बसून श्रीखंड खात म्हणाल्या. "लहान-मोठा भेद नाही!"

जिन्यातून संपतराव म्हणाले, "मजामां, मजेत ना, ताई? बसलाय कशावर?"

ताईंचा चमचा हवेतच राहिला.

पुढच्या महिन्यात त्याच कोर्टात संपतरावांनी तोच निकाल ठेवला. जज्जसाहेब हळहळले. "बाई, तुमच्या गुडघ्यांची मला दया येते; पण माझे हात बांधलेले आहेत."

मी दाराआड गेलो. माझ्या कड्यांना छत्र्या टांगल्या गेल्या. ताई भिंत धरून चालू लागल्या. मला त्या निकालाचा इतका राग आला, की माझ्या फळीला घाम फुटला.

एके दिवशी मोहनाने तो निकाल पुन्हा वाचला. "आत्या, हिंचका वाईट असं कुठे लिहिलंय? छतावर भार नको, एवढंच म्हटलंय!"

मग मकरपुऱ्याहून चार पायांचा लोखंडी स्टँड आला. तो जमिनीवर उभा, मी त्याला टांगलेला, छताला माझा स्पर्शही नाही. संपतराव पुन्हा कोर्टात. "साहेब, मनाई हिंचक्याला आहे, आणि हा हिंचकाच!"

जज्जसाहेब स्वतः पाहायला आले. बरोबर माझ्या वर, संपतरावांच्या फरशीवर, काठोकाठ भरलेला छासचा, म्हणजे ताकाचा, ग्लास ठेवला. ताईंनी पदर खोचून असा झोका घेतला, की वाऱ्याने सयाजीगंजात कुणाची टोपी उडाली! ग्लासातला थेंबही हलला नाही.

"जुन्या निकालामागचं कारण मला बांधतं," जज्जसाहेब म्हणाले. "इथे ते कारणच नाही. हिंचका राहील."

संपतरावांनी रागाने तो ग्लास गटागट पिऊन टाकला आणि लगेच तसाच स्टँड मागवला. तो जिन्यातून वर चढत असताना ताई ओरडल्या, "अहो, तुमची फरशी म्हणजे माझं छत! भार कुणावर पडणार?"

हमालांनी संपतरावांकडे पाहिलं, संपतरावांनी मोहनाकडे. "आता काय करू गं, पोरी?"

"अंगणात मांडा, काका."

आता संध्याकाळी सोसायटीतली सगळी पोरं त्या विमानात असतात, आणि मधोमध संपतराव, राजासारखे. मला जरा हेवा वाटतो.

मित्रांनो, जुना निकाल मोडीत काढू नका. तो नसता, तर ज्याचा हिंचका मोठा, त्याचाच कायदा झाला असता. पण डोळे मिटून डोक्यावरही घेऊ नका. असं का ठरलं होतं, एवढं त्याला विचारत जा. आणि माझ्या कड्यांना तेवढं वेळेवर तेल घाला. मी कुरकुरलो, तर संपतरावांना कोर्टाचा रस्ता चांगला पाठ आहे.